दप्तर वाढवताना

कोपऱ्यातली फुली दाबली की खिडकी मिटते,
पण मेलचा प्रोग्राम आत जागाच असतो,
असं झुहुरा फोनवर म्हणाली
आणि मी पिशवी घेऊन निघालो.
मोंबासातली चहाच्या लिलावाची कचेरी, तिसरा मजला,
जिन्यापासूनच कोऱ्या पत्तीचा वास.
टेबलावर नमुन्यांचे डबे, प्रत्येकावर मळ्याचं नाव,
आणि डब्यांमागे झुहुरा, पर्स खांद्यालाच.

"हे बघ म्वाकियो," ती म्हणाली,
"मी याला बंद करते. हा बंद होतो.
मग मशीन बंद करायला जाते, तर मशीन म्हणतं,
थांबा, आत कुणीतरी आहे."
"कधीपासून?"
"लिकोनीची सव्वापाचची फेरी चुकायला लागली तेव्हापासून.
तीन वर्षं. मला वाटलं, सगळ्यांचाच असा असतो."

टास्क मॅनेजर उघडला.
खरंच होता. यादीत सातवा.
पडद्यावर नाव ना निशाण, आणि इथे मेमरी खात बसलेला,
जेवण उरकूनही पाट न सोडणाऱ्या पाहुण्यासारखा.
असा मारता येतो, एका क्लिकमध्ये.
पण मग दुसऱ्या दिवशी कुरकुरत उठतो:
काल मला नीट बंद केलं नव्हतं, फाइल तपासतोय,
शून्य टक्के,
दोन टक्के.
झुहुराच्या सकाळी अशाच जातात.

मग सेफ मोड.
सेफ मोडमध्ये शहाण्या मुलासारखा मिटला.
म्हणजे दुखणं संगतीचं होतं.
ॲड-इनची यादी काढली. नऊ.
एकेकाची खूण काढायची, प्रोग्राम बंद करायचा, यादीत डोकवायचं.
कॅलेंडर जुळवणारा, नाही.
व्हायरस हुंगणारा, नाही.
कुणाच्या तरी जुन्या मोबाइलशी बोलणारा, तोही नाही.
बंदराकडून भोंगा आला. झुहुराने घड्याळ पाहिलं,
पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

आठवा निघाला.
त्याचं नाव नुसतं "प्रत".
"हा काय करतो?"
ती आठवत राहिली. मग हसली.
म्झे किलांबो, म्हणाली, आधीचे मॅनेजर.
पडद्यावर वाचलेलं त्यांना खरं वाटायचं नाही,
म्हणून कुणाच्या तरी भाच्याने हे बसवून दिलं.
संध्याकाळी प्रोग्राम मिटताना
दिवसभराच्या मेल आपोआप छापून यायच्या,
किलांबो त्या फायलीत लावून
दोऱ्याला गाठ मारून घरी जायचे.
आता ते वोईला शेळ्या पाळतात.
"आणि प्रिंटर?"
प्रिंटर त्यांच्यामागोमाग भंगारात गेला.

तर हा रोज संध्याकाळी, निघायच्या आधी,
त्या प्रिंटरचं दार वाजवत होता.
आतून ओ येईना.
किती वेळ वाजवून परत फिरायचं
हे भाच्याने लिहिलंच नव्हतं.

खूण काढली. फुली दाबली.
यादीत पाहिलं. नाही.
झुहुराने पुन्हा उघडला, पुन्हा मिटला,
आणि तिसऱ्यांदाही,
नवं कुलूप दोनतीनदा लावून बघावं तसा.
मग म्हणाली, "कळवायला हवं का त्यांना?"
"कुणाला?"
"किलांबोंना. की आता छापणं थांबवलंय."
मला काय बोलावं सुचलं नाही.
सव्वापाच वाजून गेले होते.

मी वायर गुंडाळली, पिशवीची चेन लावली,
"निघतो" म्हणालो.
मग दारात उभा राहून बॅकअपचं सांगितलं,
"बरं, निघतो" म्हणालो,
मग तिच्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं,
मग वोईकडे पाऊस झाला का ते,
जसं काही तिला माहीत असणार.

झुहुराने दिवा मालवला.
अंधारात किल्ल्या वाजल्या.
"म्वाकियो," ती म्हणाली,
"तुझा कितवा चालू राहिलाय?"